सोन्याच्या भावाशेजारी मासळीबाजारही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रात्रीच्या पौष्टिक जेवणावर पानभर मजकूर आला. छायाचित्रं झकास होती. सालमन, किनोआ, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल आणि तळाशी ठळक अक्षरांत सल्ला, ‘ऋतूनुसार खा’. कोणत्या ऋतूनुसार, ते मात्र लिहिलेलं नाही. सालमन हा थंड पाण्यातला मासा. आपल्याकडे येतो तो गोठवून किंवा बर्फात, बारा महिने त्याच चेहऱ्याने. त्याला आपला श्रावण ठाऊक नाही आणि पौषही. ब्रोकोलीशी माझं भांडण नाही, ती आता आपल्याकडेही पिकते. पण अलिबागच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या पानाचा उपयोग काय, हे विचारायला हे पत्र.

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. मुलगा सकाळची लाँच पकडून मुंबईला जातो, सून परिचारिका, तिच्या पाळ्या बदलत्या. बायकोचे गुडघे दुखतात, ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही. त्यामुळे रात्रीचं जेवण माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. सकाळचं ती बसून करते, त्यात मी तोंड घालत नाही. तिला रक्तदाब, मला साखर, नातवाला हिरवी भाजी दिसली की पोटात दुखतं. अशा घरात पौष्टिक म्हणजे काय, हे तक्त्यावरून ठरत नाही. संध्याकाळी पाचला बाजारात काय उतरलंय, त्यावर ठरतं.

मासळीचं शिक्षण मला गाडीतच मिळालं. थळ, वरसोली, रेवदंडा या बाजूच्या कोळणी पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीला चढायच्या. पाटीतून पाणी गळायचं, पुढच्या सीटवरचे पँट वर करून बसायचे, आणि सामानाच्या तिकिटावरून माझी त्यांच्याशी रोजची हुज्जत. पण हुज्जत घालता घालता कान उघडे ठेवले तर बरंच कळतं. कोणत्या भरतीला काय लागतं, बर्फातला मासा डोळ्यांवरून कसा ओळखायचा, कल्ला उचलून आतला लाल रंग कसा बघायचा, बोटाने दाबल्यावर खळगा भरून आला तरच घ्यायचा. आजही माझी एक नेहमीची मावशी मला भावाच्या आधी सल्ला देते. “कंडक्टर, पापलेटाचं नाव काढू नका आज, बोंबील न्या.” आणि मी मुकाट बोंबील नेतो.

तर बोंबलाचंच सांगतो. पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै. हे 61 दिवस यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, कारण समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा विणीचा काळही हाच. ऑगस्टमध्ये होड्या सुटतात. आमच्याकडचे पुष्कळ कोळी आजही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जाळं टाकत नाहीत. त्यानंतरचा बोंबील खावा. गुलाबीसर, काचेसारखा आरपार, हातातून निसटणारा. हॉटेलात त्याला रव्यात घोळून कडक करतात, आणि तो कोणाला नको असतो? पण रोज रात्री तळण परवडत नाही, ना खिशाला ना डॉक्टरला. घरी कालवण.

टोपात दोन चमचे तेल. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या सालीसकट ठेचून त्यात. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, वास सुटला की पुरे. हळद, घरचा मसाला, दोन मिरच्या उभ्या चिरून आणि लगेच चिंचेचा कोळ, म्हणजे मसाला जळत नाही. कांदा नाही, खोबरं नाही, वाटण नाही. उकळी आली की चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून सोडायचं, तेवढाच दाटपणा. मग बोंबलाचे तुकडे. यानंतर टोपात पळी घालायची नाही. बोंबील अंगचाच इतका मऊ की पळी लागली की त्याचा लगदा झालाच म्हणून समजा. टोप फडक्याने दोन्हीकडून धरायचा आणि गोल हलवायचा. चार-पाच मिनिटं, वर कोथिंबीर, गॅस बंद. मीठ शेवटी आणि हात आखडून. चिंच नीट पडली की कमी मीठ जाणवत नाही, हे बायकोच्या रक्तदाबामुळे कळलं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा सपाट चमचा. आमच्या पिढीच्या लोणचं-पापडातच तो संपतो.

कालवण उकळेपर्यंत दुसऱ्या शेगडीवर लाल माठ किंवा शिराळं. ताटात अर्धी भाजी, एक भाकरी, कालवण. भाकरी तांदळाची, म्हणून माझ्या वाट्याला एकच. हे सगळं चाळीस मिनिटांत होतं. तुमच्या पानावरच्या पाककृतीत किनोआ भिजत घालण्यातच अर्धा तास गेला होता.

बंदीच्या काळात लोक म्हणतात, आता दोन महिने काय खायचं? अहो, जून हा तर आमच्याकडे भाज्यांचा महिना. पहिल्या पावसानंतर कातकरी, ठाकूर बाया डोंगरातून शेवळं घेऊन येतात. वाट्याबरोबर काकडंही देतात, आंबट हिरवी फळं. ती घेतल्याशिवाय शेवळाला हात लावू नये, घशाला खाज सुटते. कोंबातला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवायचं आणि त्यात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. मे महिन्यात ज्याने सोडे, जवळा, सुकट, बोंबील भरून ठेवले तो जूनमध्ये राजा. शेवळं संपली की टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, मग कर्टुली. ही यादी पुस्तकातली नाही, बाजारात मांडलेल्या ढिगांची आहे. सुक्या मासळीत मीठ फार असतं, म्हणून कोमट पाण्यातून दोनदा काढायची. चव थोडी जाते, जाऊ द्या.

पहिल्या पावसात नदीतून शेतात चढणाऱ्या माशांना आमच्याकडे वलगणीचे मासे म्हणतात. ते पकडण्याची मौज मला ठाऊक आहे, लहानपणी पाण्यात उभे राहून पकडलेत. आता मात्र घेत नाही. अंडी घालायला निघालेला मासा पोटासकट भाजायचा आणि मग ‘हल्ली नदीत मासाच नाही’ म्हणून पारावर बसायचं, हे काही बरं नव्हे.

मुद्दा पापलेटाचा. 2023 मध्ये राज्य सरकारने पापलेटाला राज्यमासा जाहीर केलं. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवले, त्याहून लहान पकडायचे नाहीत. पापलेटासाठी तो 135 मिलिमीटर आहे. बाजारात पट्टी घेऊन कोणी जात नाही, म्हणून एक सोपी खूण देतो. पोस्टकार्ड 14 सेंटिमीटर लांब असतं. पोस्टकार्डाहून आखूड पापलेट दिसलं की पुढच्या पाटीकडे वळायचं. मी खिशात खरंच एक पोस्टकार्ड ठेवतो. मावशी हसतात, पण एकीने मला पाहून पिल्लांचा वाटा फडक्याखाली सरकवला, तेव्हा कार्डाची किंमत वसूल झाली. नियम होडीवाल्याला लागू आहे, मान्य. पण तळहाताएवढं पापलेट ‘ताटात शोभतं’ म्हणून मागणारे आपणच. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर कोण धरून आणणार? हे तुमच्या पुरवणीत एका ओळीत सांगता आलं असतं.

शिवाय पापलेट, सुरमई सोडून खाणाऱ्यालाच खरा ऋतू कळतो. थंडीत बांगडा आणि तारली यांना चरबी धरते. सालमनमध्ये हृदयासाठी चांगलं म्हणून जे ओमेगा-3 सांगितलं जातं, ते या दोघांतही भरपूर असतं आणि वाटा मिळतो मुंबईच्या एका सँडविचच्या पैशात. बांगड्याला चिरा पाडून आलं, लसूण, कोथिंबीर, मिरचीचं वाटण भरायचं, केळीच्या पानात गुंडाळून झाकणाखाली तव्यावर ठेवायचा. तेल पानाला पुसण्यापुरतं. तारलीचे काटे मऊ शिजतात, नातू ती काट्यासकट खातो, कॅल्शियमची वेगळी गोळी लागत नाही. मांदेली, खरबी, निवट्या, तिसऱ्या, कालवं, यांची नावंही तुमच्या पानावर कधी दिसत नाहीत. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या तलावातला जिताडा मासा मात्र परवडत नाही, तो साहेबांकडे जातो. पूर्वीही जायचा.

वाराचं गणित वेगळं. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बऱ्याच घरांत मासळी नसते. त्यामुळे बुधवार, शुक्रवार, रविवारी भाव चढतो, आणि अलिबागेत शनिवार-रविवार पर्यटक येतात तेव्हा तर विचारू नये. मी वार पाळत नाही म्हणून गुरुवारी दुपारनंतर जातो. बायको पाळते, म्हणून त्या रात्री तिच्यासाठी बिरडं. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर येणारा हा कडवा वाल, पाण्याची वेगळी पाळी नाही, खताचा फारसा खर्च नाही. भिजवून, मोड आणून, सोलायला मात्र वेळ लागतो. ते काम नातवाकडे दिलंय. तो वाल सोलतो आणि मोबाइल बघतो, दोन्ही एकदम.

कोंबडीबद्दल दोन शब्द, कारण त्या पानावर ‘चिकन म्हणजे प्रथिनं’ एवढंच होतं. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाते. ती इंजेक्शनने फुगवतात, असं आमच्या आळीत छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं नाही. निवडून वाढवलेल्या जाती आणि खाद्य, हे त्याचं कारण. काळजी करायची तर प्रतिजैविकांची करा. कोलिस्टिन हे माणसाला शेवटच्या टप्प्यावर लागणारं औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जात होतं. केंद्र सरकारने 2019 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. दुसरं, कोंबडी नळाखाली खळखळून धुऊ नये. शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही. सुनेने हे घरात आणलं, बायकोला अजून पटलेलं नाही. मी लिंबू, मीठ, हळद चोळून ठेवतो आणि नीट शिजवतो. गावठी मिळाली तर तिचा पातळ रस्सा, तासभर मंद आचेवर, त्यात दुधीच्या फोडी. गावठी कोंबडी घाईत उतरवू नये, चिवट लागते.

आणि जानेवारीत पोपटी. हे न लिहिता हे पत्र पाठवलं तर गावचे लोक मला फाडून खातील. वालाच्या शेंगा नुकत्या भरलेल्या असतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ. मध्ये मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, अंडी, एखादं रताळं. परत शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. मडकं शेतात उलटं ठेवायचं, भोवती गोवऱ्या, पेंढा, काटक्या आणि पेटवून द्यायचं. अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाण्याचे थेंब उडवायचे, चुर्र झालं की काठीने जाळ बाजूला सारायचा. आत तेलाचा थेंब नाही, पाण्याचाही नाही. शेंगांच्या वाफेत आणि पाल्याच्या वासात सगळं शिजतं. तेलाशिवाय कोंबडी शिजवायचं जे यंत्र तुमच्या पानावर जाहिरातीत होतं, त्याची किंमत मी वाचली. आमचं मडकं कुंभाराकडून येतं आणि कधी कधी काढतानाच फुटतं. एवढंच काय ते नुकसान.

उन्हाळ्यात रात्री भूकच मरते. तेव्हा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय तोच आमचा, माळेतून ओढून काढायचा. बारीक चिरायचा, जवळा कोरडा भाजून त्यात कैरीच्या फोडी. तेल नावापुरतं. वर काकडी आणि ताकाचं भांडं. बस्स.

आता मागणी. तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता, चांदीचा छापता, लासलगावच्या कांद्याचा छापता, शेअर बाजार तर पहिल्या पानावर. सोनं माझ्यासारखा माणूस मुलीच्या लग्नात एकदा घेतो. जेवण रोज रांधतो. तर त्या भावांशेजारी दर शुक्रवारी एक छोटी चौकट द्या: या आठवड्यात किनाऱ्यावर काय उतरतंय, कुठल्या माशाचा भर आहे, कुठला लहान येतोय म्हणून घेऊ नये, भाजीत काय नवं आलंय आणि काय संपत आलंय. ससून डॉक 1875 पासून मुंबईत उभं आहे, तिथे पहाटे तुमचा छायाचित्रकार जातोच, चकचकीत मासळीचे फोटो छापूनही येतात. त्याच्याबरोबर एक वही पाठवा. मत्स्यव्यवसाय खातं आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आवक नोंदवतात, त्यांना विचारा. भाजीसाठी बाजार समितीचे आकडे तुमच्याकडे येतातच. मात्र रानभाज्या त्या आकड्यांत सापडायच्या नाहीत, त्यासाठी कुणालातरी आठवडी बाजारात उभं राहावं लागेल. आणि विदर्भ-मराठवाड्याच्या आवृत्तीत मरळ, कटला, रोहू, हादगा, पाथरी जे असेल ते द्या. तिथल्या वाचकाला बोंबलाची चौकट देऊन काय करायचंय?

पुरवणीतल्या पाककृती बंद करा असं मी म्हणत नाही. सून त्या कापून ठेवते. पण पाककृती आधी आणि बाजार नंतर, हा क्रम उलटा आहे. आधी बाजार सांगा. काय घेतलं की कसं शिजवायचं, ते घराघरात कोणाला ना कोणाला ठाऊक असतं. नसलं तर जिच्याकडून घेतलं ती कोळीण सांगते, फुकट आणि न विचारता.

चौकट सुरू केलीत तर अलिबागची नोंद दर बुधवारी पोस्टकार्डावर पाठवायची माझी तयारी आहे. मानधन नको. अट एकच, ‘मांदेली’चं ‘मंडेली’ करून छापू नका, आणि माझं नाव घालू नका. बाजारात कळलं की वर्तमानपत्रवाला आला म्हणून वाट्यामागे वीस रुपये वाढतील.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वाहक,
अलिबाग, जि. रायगड